मांडावरचं गाणं

म्हापशाला शुक्रवारचा बाजार करायचा, मग सिनेमा बघायचा आणि डिचोलीची बस धरायची, हा बेत माझ्या लेकीचा. मी आपली गेले. पायाशी सुक्या बांगड्यांची पिशवी, तिचा वास थेटरभर. शेजारचा माणूस सारखा वळून बघत होता. बघेना का! गोव्यात राहून बांगडा माहीत नाही होय?

सिनेमातली बाई माझ्याच वयाची. आई गेल्यावर माहेरचं घर आवरायला येते. तिची आई नारळ खोवताना गुणगुणायची, हे दाखवलं आणि मला गलबलून आलं. माझी आईसुद्धा पेडण्याला आदोळीवर बसली, खोबरं खोवायला लागली, की गुणगुणायची. पण नुसता सूर. शब्द ओठांबाहेर काढायची नाही. शब्द फक्त पौषात, ढालोला. त्या दिवसांत गावच्या बायका एका ठरलेल्या अंगणात जमतात. त्याला मांड म्हणायचं. समोरासमोर दोन ओळी धरतात, एक ओळ गाते, दुसरी झेलते. आमच्याकडे गाण्याला सुरुवात करायची माझी आई.

पुढे त्या सिनेमातल्या बाईला कपाटात एक कॅसेट सापडते. लावते, तर आईचा आवाज. लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "किती सुंदर ना, आई?"

"सुंदर कसलं, डोंबल!" मी एवढ्याने बोलले की चार माणसांनी श्श श्श केलं. खरं सांगते, मला त्या बाईचा हेवा वाटला. हिला मिळाली कॅसेट. माझ्याकडे काय आहे?

एकदा माहेरी गेले असताना मी मोबाइल आईसमोर धरला होता. म्हटलं, एक तरी गाणं म्हण. तिने माझा हात बाजूला केला. "मांडावरचां मांडावर. घरात म्हणूचां न्हय गे बाये." मांडावर तरी कसं धरणार? ओळीत उभं राहिलं की दोन्ही हात शेजारणींच्या कमरेत. शेवटी आमचं ठरलं, येत्या पौषात मी ओळीत उभी न राहता बाजूला बसून रेकॉर्ड करायचं. ती हसून "बरां" म्हणाली. आणि पौषाच्या तोंडावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. मुकाट्याने तिचं ऐकलं, त्याची हळहळ अजून जात नाही. आदोळीवर गुणगुणत होती तेव्हा नुसता सूर तरी धरून ठेवायचा होता. मोबाइल हातातच होता की.

थेटरातून बाहेर पडल्यावर लेकीला एकटीलाच डिचोलीच्या बसमध्ये बसवलं आणि मी पेडण्याची बस धरली. आई आता भावाकडे असते. भावजय दार उघडून बघतच राहिली. "अशा अवचित? बरां आसा मां सगळां?" मी बांगडे तिच्या हातात दिले आणि सरळ आईच्या खाटेशी जाऊन बसले.

मला वाटत होतं, मी म्हणायला लागले की चुकेन, आणि मी चुकले की तिला राहवणार नाही. ओठ तरी हलवील. आयुष्यभर माझं चुकलेलं तिला कधी सहन झालं आहे का? दार लोटून घेतलं. तिचंच गाणं हळू आवाजात सुरू केलं. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीत शब्द सापडेना, म्हणून मी मनचाच एक घातला.

आईने डोळे उघडले. चांगला होता तो डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. मला वाटलं, ताल धरते आहे. तिने तो हात माझ्या तोंडावर ठेवला आणि मी गप्प होईपर्यंत काढला नाही.