मागच्या सीटवर कोण बसणार

नवऱ्याचा डावा हात क्लच दाबेनासा झाला, तेव्हा आमचं स्पेनचं सगळं ठरलं होतं. सप्टेंबरात माद्रिदला मोटारसायकल भाड्याने घ्यायची, तोलेदो, कोर्दोबा, रोंदा करत अल्हेसिरासला उतरायचं, गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे मोरोक्कोत टँजिअरला चाकं टेकवायची. इथे परदेशात, वेस्ट विंडसरच्या घरात, डायनिंग टेबलवर नकाशा पसरलेला असायचा आणि आम्ही किचनच्या ओट्याशी उभ्याने जेवायचो. (समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणायची चैन करून घेते.)

मागच्या सीटवर मी, हे धरलेलंच होतं. लग्न झाल्यापासून माझी जागा तीच. नागपुरात साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, एका हातात पदर आणि दुसऱ्यात त्याचा खांदा. फोटो आहेत. कॅरिअरला बांधलेलं गॅस सिलिंडर दिसतं, तसं ध्यान दिसतं. आणि चेहऱ्यावर काय तो अभिमान! लग्नाआधी हीच बया दीक्षाभूमीच्या मागच्या रस्त्याने स्वतःची लुना उडवत कॉलेजात जायची. सासूबाई म्हणाल्या, "नवरा असताना बाईने कशाला गाडी चालवायची? लोक काय म्हणतील?" झालं. बाईसाहेबांनी लुना धाकट्या बहिणीला देऊन टाकली. वर मैत्रिणींना ऐटीत सांगितलं, मला आता ड्रायव्हर मिळालाय. आज भेटली तर कान पिळेन तिचा.

तर हात. आधी संधिवात वाटला. मग तपासण्यांमागून तपासण्या. जानेवारीत न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा आजार मागे फिरत नाही. हात, मग पाय, मग पाठ, मग गिळणं, शेवटी श्वास. आपल्याकडे पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकांना सांगतात. इथे पेशंटच्या तोंडावर सांगतात, आणि नातेवाइकाने तेव्हा कुठे बघायचं ते कोणी सांगत नाही. मी टिश्यूच्या डब्याकडे बघत राहिले.

"सप्टेंबरपर्यंत?" नवऱ्याने विचारलं.

"आय वुडन्ट वेट फॉर सप्टेंबर," बाई म्हणाल्या.

आम्ही तिकिटं जूनवर आणली. पण क्लचचं काय? लांबच्या कॅरी गावाहून मुलीचा फोन आला. "डॅड, जस्ट रेंट अ कार! आय विल ड्राइव्ह." तो म्हणाला, "कारमधूनच जायचं तर आपला रोजचा टर्नपाईक हायवे काय वाईट आहे?" आणि फोन माझ्या हातात दिला.

त्याच आठवड्यात मी गुपचूप मोटारसायकलच्या क्लासला नाव घातलं. घरी सांगितलं, योगाला जाते. कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये अंगभर टॅटू काढलेले दांडगे तरुण आणि त्यांच्यात मी. हेल्मेटखाली अंबाडा मावेना, म्हणून केस कापून आले. नवऱ्याने केस बघितले, नडगीवरचा काळानिळा डाग बघितला आणि विचारलं, "कसला योगा आहे गं हा?" नातीला मात्र खरं सांगितलं होतं. ती फोनवर किंचाळली, "आजी, यू आर अ बायकर!"

गाडी मी दोनदा आडवी पाडली, पण पास झाले. लायसन्स आणून नकाशावर माद्रिदच्या डोक्यावर ठेवलं.

त्याने ते उचललं, फोटो निरखला. "छान आलाय फोटो."

"मी चालवते. तुम्ही मागे बसा."

"मी मागे नाही बसणार."

"स्पेनमध्ये कोण ओळखतं तुम्हाला?"

"तू फोटो काढशील. ग्रुपवर टाकशील."

"नाही टाकणार. शप्पथ."

"मुलीला तरी पाठवशीलच."

मग माझा तोल गेला. आमच्याकडची मंडळी दर एप्रिलला जयंतीला हॉल घेऊन जमतात, आणि बायकांच्या हक्कांवरचं भाषण ठरलेलं याचं. त्या वर्षीचं होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. म्हटलं, "ते एवढं टेबल बडवून बोललात, ते काय होतं?"

"ते भाषण होतं," तो म्हणाला. आणि स्वतःच ओशाळला. पण बसायला तयार झाला नाही.

सगळा मे त्यात गेला. मी रविवारी त्याची मोटारसायकल काढून स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एकटीच गोल गोल सराव करायची. घरी शर्टाची बटणं मी लावायला लागले. मग त्याच्या पायातून सपाता निसटायला लागल्या. मुलगी रोज विचारायची, "सो, आर यू गाईज गोइंग?" आणि मी म्हणायची, बघू.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी ड्राइव्हवेमध्ये गाडी पुसत होते, तर हा हेल्मेट छातीशी धरून बाहेर आला. पट्टा लागत नव्हता त्याला. हनुवटी वर करून म्हणाला, "बांध."

मी बांधला. किचनमधलं स्टूल आणलं, त्यावर चढवून त्याला मागे बसवलं. माझ्या कमरेला त्याने हात घातले, पण त्या हातांना वजनच नव्हतं, ओला टॉवेल टाकल्यासारखे. आमच्याच गल्लीतून हळूहळू निघालो. पहिल्या स्टॉप साइनला मी ब्रेक दाबला आणि तो आख्खा माझ्या पाठीवर आला, मग बाजूला घसरला. मी गाडी सावरली. त्याला नाही सावरू शकले. शेजाऱ्यांच्या लॉनवर तो उताणा पडला होता, आणि त्यांचा स्प्रिंकलर आम्हा दोघांना भिजवत होता.

"लागलं का हो?"

"नाही. पाठ धरतच नाही गं आता." मग म्हणाला, "मे महिन्यात बसलो असतो तर?"

मला कधी उत्तर सुचलं नाही असं होत नाही. म्हटलं, "तरी पाडलंच असतं तुम्हाला. नवशिकी आहे मी." साफ खोटं होतं. मे महिन्यात त्याची पाठ शाबूत होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिकिटं कॅन्सल केली. नकाशा मी उचलणार होते, पण त्याने उचलू दिला नाही. चाकाच्या खुर्चीत बसून उजव्या हाताने पेन्सिलीने काहीतरी खोडत, मांडत राहायचा. परवा मी डोकावले, तर रोजची अंतरं कमी केलेली.

"कोण चाललंय?"

"तू. एवढ्यात नाही. दोन वर्षं इथे चालव, हात बसू दे. मग तिकडे मोरोक्कोत रमझान संपला की एप्रिलमध्ये जा."

दोन वर्षं. पुढच्या मंगळवारी दूध आणायचंय, अशा आवाजात म्हणाला तो. त्या एप्रिलमध्ये तो कुठे असणार, हे न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी आम्हाला दोघांनाही सांगितलं आहे.

"जूनमध्ये तर तुम्हाला मागे बसवून नेणार होते मी. तेव्हा नाही वाटलं, हात बसायला हवा?"

"तेव्हा मी सोबत होतो."

मला नकाशा फाडून टाकावासा वाटला. त्याऐवजी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि चष्मा लावला.

"तोलेदो ते कोर्दोबा एका दिवसात? नाही झेपणार मला."

त्याने मान वाकवून बराच वेळ शोधलं. "मधे हे वाल्देपेन्यास आहे. इथे थांब."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. जेवायचं, झोपायचं."

"एकटीने?"

पेन्सिल त्याच्या बोटांतून निसटली. मी ती उचलून परत त्याच्या मुठीत बसवली, आणि त्याने वाल्देपेन्यासभोवती एक वाकडंतिकडं वर्तुळ काढलं.