फक्त तिच्या ओळी

ऑफिसात त्याला सगळे चाळणीकाका म्हणायचे, तेही तोंडावर. वीज कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्याची अख्खी नोकरी एकाच कामात गेली. यंत्रं दिवसभर नोंदींच्या ओळी ओकत राहतात, त्यातून साहेबांना हव्या तेवढ्याच ओळी ह्याने काढून द्यायच्या. त्यासाठी सेड नावाची आज्ञा असते. दिसायला चिमूटभर, पण कामाला वाघ. अमुक शब्दाच्या ओळी दे म्हटलं की देते. सोबत 'डॅश एन' लिहिलं की बाकीच्या ओळींबद्दल अवाक्षर काढत नाही. आणि 'डॅश आय' लिहिलं, तर निवडलेलं तेवढंच त्या फाईलमध्ये ठेवते, उरलेलं साफ! ऑफिसात जागेची कायम बोंब, म्हणून काकाच्या बोटांना दोन्ही एका दमात लिहायची सवय लागलेली. तिथे ते खपून जायचं, कारण मूळ फाईल दुसऱ्या मशीनवर आपोआप जपून ठेवलेली असायची. घरी कसलं आलंय दुसरं मशीन!

बायको गेल्यापासून मुलगी त्याच्याशी धड बोलत नव्हती. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारायची आणि फोन ठेवायची. तिच्या मनात एकच सल होता. आई गेली त्या दुपारी तिने बाबांना मेसेज करून बरं वाटत नसल्याचं कळवलं होतं, हे मुलीला मावशीकडून कळलं. आणि बाबा घरी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडून झालं होतं. काका गळ्याची शपथ घेऊन सांगायचा, मी लगेच 'निघालो' म्हणून लिहिलं, निघालोही, वाटेत गाड्या तुंबल्या त्याला मी काय करू? मुलगी म्हणाली, मग दाखवा.

दाखवणार कुठून? बायकोचा फोन पुसून मेव्हण्याला दिलेला, ह्याचा बादलीत पडून मेलेला. नशीब एवढंच, की त्याआधी त्याने दोघांचं मेसेजवरचं सगळं बोलणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. वर्षानुवर्षांचं, एकाच फाईलमध्ये, ओळीखाली ओळ, प्रत्येकीपुढे लिहिणाऱ्याचं नाव. ती उघडून वाचायची मात्र त्याची कधी छाती झाली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगी आली. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली, स्वतःच्या माहेरी पाहुण्यासारखी. काका चहात साखर घालायला विसरला, तिने तो मुकाट्याने संपवला. काका मनातून खूश होता. जन्मभर लोकांसाठी ओळी काढल्या, आज एकदा स्वतःसाठी काढायच्या होत्या.

"आधी आईचंच दाखवा," ती म्हणाली. "तुमचं नंतर बघू."

काकाने बायकोच्या नावाच्या ओळी मागितल्या. बोटं झरझर चालली, एन आणि आय दोन्ही एका दमात. मग त्याने फाईल उघडली आणि थेट शेवटाला गेला.

छातीत जरा कसंतरी होतंय.

येता का?

बरं. या सावकाश.

त्याच्याखाली काही नव्हतं. मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, आता तुमचं.

काकाने ती फाईल तशीच उघडी ठेवून शेजारच्या चौकटीत आपल्या नावाच्या ओळी मागितल्या, ह्या वेळी नुसत्या बघायला. एकही आली नाही. नाव चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा मागितल्या. चौकट कोरीच. तेव्हा कुठे त्याची नजर वर आपणच लिहिलेल्या आज्ञेवर गेली. एनच्या शेजारी आय.

तिला समजावताना त्याची जीभ अडखळत होती. म्हणजे पुसलंत का, असं तिने विचारलं. पुसलं नाही गं, ठेवलं नाही, म्हणाला. आता ह्या दोहोंत फरक काय, ते त्या बिचारीला कसं कळावं? त्याने ऑफिसातल्या जोडीदाराला फोन लावला. त्याला आधी थट्टाच वाटली, मग त्याने हळूच विचारलं, काका, दुसरी प्रत असेल ना? दुसरी प्रत ठेवा रे, म्हणून उभ्या ऑफिसचे कान ह्यानेच किटवले होते. बिनकामाचा माणूस! फोन ठेवून तो हात चोळत बसला.

मुलगी अजून त्याच तीन ओळी वाचत होती.

"या सावकाश, हे आई कशावर म्हणाली असेल?"

निघालो म्हटल्यावर, असं काकाच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याच क्षणी त्याला साहेब आठवले, त्या दुपारी मागे उभे राहून कामाची घाई करणारे. निघालो असं लिहिलं होतं की एवढं आटपून निघतो असं? सकाळपर्यंत त्याला पक्कं ठाऊक होतं. आता ती ओळ डोळ्यांपुढे आणू गेला की दोन्ही तितकीच खरी वाटायला लागली, आणि त्याला रडूच फुटलं.

"मी तुम्हाला खोटं पाडायला नव्हते आले, बाबा," मुलगी म्हणाली. "तुमचं खरं निघावं म्हणून आले होते. तुम्ही नुसतं सांगा, मी मानेन."

एक शब्द बोलला असता तर लेक परत मिळत होती.

"मलाच आठवत नाही गं आता," काका म्हणाला.