बेगमचा उन्हाळा

आमच्या खोलीतल्या चाचांइतका बायकोशी एकनिष्ठ माणूस साऱ्या कुवेतमध्ये शोधून सापडला नसता, आणि दुसरी बायको केल्याचा आळ आला तो नेमका त्यांच्यावर. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. तेलकंपनीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही दोघं एका खोलीत राहत होतो. मी कारकून. चाचा रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, स्टोअरकीपर. तीन प्रतींवर सह्या घेतल्याशिवाय ते साधा वॉशरही कुणाच्या हातावर ठेवत नसत. असा हा माणूस एका संध्याकाळी कोटाच्या आत काहीतरी वळवळणारं घेऊन आला.

ती फेरेट होती. बघणाऱ्याला मुंगूसच वाटावं असं लांबोडकं, पांढुरकं जनावर, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं. एका गोऱ्या साहेबाच्या मडमेनं सुट्टीवर विलायतेला जाताना पंधरा दिवसांसाठी म्हणून चाचांच्या हवाली केलं आणि ती परत आलीच नाही. "तिकडं सशांच्या बिळात सोडतात म्हणे हिला," चाचा म्हणाले, "आता इथं मी ससे कुठनं आणू?" सशांची बिळं नसल्यामुळे ती आमच्या पाटलोणीत शिरायची. एका पायातून आत आणि कमरेशी बाहेर. चाचांनी तिचं नाव बेगम ठेवलं, कारण दिवसाचे अठरा तास ती झोपायची आणि उरलेल्या सहा तासांत सगळ्यांना कामाला लावायची.

बेगमला चोरीची सवय होती आणि रबराचं विलक्षण प्रेम होतं. माझ्या चपलेचा पट्टा, चाचांच्या ऑफिसचा शिक्का, शेजारच्या मद्रासी फोरमनची गरम पाण्याची पिशवी, सगळं कपाटामागच्या तिच्या ठेव्यात सापडायचं. शिक्का हरवला तेव्हा दोन दिवस अख्ख्या खात्याचं काम ठप्प होतं. सापडल्यावर चाचांनी तिला काही म्हटलं नाही; मलाच म्हणाले, "कपाट भिंतीला लावून ठेवायला काय होतं तुला?" मी अंडंही न खाणारा माणूस. पण चाचांची ड्यूटी असली की तिच्यासाठी कलेजीचे तुकडे मीच करायचो, डोळे मिटून, आणि त्यामुळे बोटही कापून घ्यायचो. माणसाची सर्दी या जनावराला लागते असं चाचांना कुणीतरी सांगितलं होतं. एकदा मी शिंकलो, तर माझी खाट चार दिवस व्हरांड्यात. "तू दोन दिवसांत बरा होशील," ते म्हणाले, "ती नाही व्हायची."

पण खरी काळजी उन्हाळ्याची. थंड मुलखातलं हे जनावर, आणि बाहेर असा वारा की दाराची कडी धरवत नाही. चाचा मे महिन्यापासून तिच्या पेटीवर ओली गोणपाटं टाकायचे, पंखा तिच्याकडे वळवायचे आणि रोज दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून सायकलवरून बर्फाची लादी आणायचे. अर्धी वाटेतच वितळायची. उरलेल्या अर्धीला टेकून बेगम झोपायची आणि चाचा घामाने निथळत तिच्याकडे कौतुकानं बघत बसायचे. तीन वर्षांनी मिळणारी घरची रजा त्या साली जूनमध्ये आली होती. बेगमला माझ्यावर सोडायला त्यांचं मन धजेना. माझी योग्यता त्यांना ठाऊक होती.

चाचांच्या चष्म्याची काडी बेगमनं चावून ठेवल्यामुळे चाचींना घरचं पत्र मी लिहिलं. चाचा सांगत गेले, मी उतरवत गेलो: "बेगमला इथला उन्हाळा सोसत नाही. माझ्याशिवाय तिचं कुणी नाही. म्हणून यंदा येणं होत नाही. समजून घे." मी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यात काही विपरीत आहे हे माझ्या टाळक्यात आलं नाही, आणि चाचांच्या तर नाहीच नाही.

महिन्याभरानं एका शुक्रवारी दारात चाचांचा मेहुणा, चाचींचा धाकटा भाऊ, उभा. त्याचं कुवेतमधल्याच जहरा गावात कापडाचं दुकान होतं. पाणी दिलं तर घेईना.

"दुल्हेभाई, आपाचं पत्र आलं," तो म्हणाला. "बेगम कुठं आहे?"

"आत झोपलीय," चाचा म्हणाले. "हळू बोल. सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

"आणि हा कुलकर्णी याच खोलीत राहतो?"

"तोच तर जेवू घालतो तिला मी नसताना."

मेहुणा माझ्याकडे असा बघायला लागला की मला उगाचच लाज वाटली. तेवढ्यात आवाजानं बेगम जागी झाली, गोणपाटाखालून आळस देत आली, त्याच्या बुटाचा वास घेतला आणि पाठीची कमान करून चारी पायांवर उड्या मारत त्याच्याभोवती नाचली. मेहुणा खाटेवर चढला.

"हीच," चाचा म्हणाले.

खाली उतरायला त्याला दहा मिनिटं लागली आणि हसू थांबायला त्याहून जास्त. जाताना बूट घालायला बघतो तर त्याचा एक मोजा नव्हता. घरी त्यानं काय कळवलं कोण जाणे, पण पुढच्या पत्रात चाचींनी विचारलं होतं, "तिला दूध चालतं का?"

चाचा पुढचे दोन उन्हाळेही घरी गेले नाहीत. बोटीच्या डेकवरचा उकाडा बेगमला झेपणार नव्हता, म्हणून तिला घेऊन जाता येईना, आणि ठेवून जाववेना. ती गेली ती मात्र उन्हाळ्यात नाही. जानेवारीत, चांगली थंडी असताना, म्हातारी होऊन, चाचांच्या कोटाच्या बाहीत झोपली ती उठलीच नाही. चाचा त्या दिवशी वेळेवर कामावर गेले. संध्याकाळी आम्ही दोघांनी क्वार्टर्समागच्या वाळूत खड्डा केला. वाळू कोरडी, जितकी काढावी तितकी परत आत यायची. चाचा तरी काढत राहिले.

बेगम गेल्याचं घरी कळवलं, आणि मार्चमध्ये त्यांची रजा मंजूर झाली. निघायच्या आठवड्यात चाचींचं पत्र आलं; चष्मा दुरुस्त झाल्यावरही पत्रांचं काम माझ्याकडेच राहिलं होतं, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. घरचं सगळं होतं. छप्पर शाकारलं, थोरलीला दिवस गेलेत, विहिरीला पाणी आहे. आणि शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही या. आता तिकडं तुम्हाला एकटं वाटत असेल."

"एवढंच?" चाचांनी विचारलं.

"एवढंच."

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "शेवटची ओळ पुन्हा वाच."