साडीची दोन टोके

आमची विहीर सामाईक आहे. निम्मी माझी, निम्मी चुलतभावाची. तो वयाने मोठा. दुष्काळात रात्रभर झरे जेवढे पाझरत, तेवढेच पाणी सकाळी तळाशी असे. विजेच्या मोटारी होत्या तोवर पाळ्या ठरलेल्या होत्या. सौर पंप आले आणि पाळ्या मोडल्या. ज्याच्या प्लेटा स्वच्छ, त्याचा पंप आधी सुरू होई आणि पाणी त्याच्या मोसंबीला जाई.

थंडीत साखर कारखान्याचे धुराडे पेटले की काजळी उडत येई. पहाटेच्या दवात ती भिजे, उन्हात वाळे आणि प्लेटांवर काळे कवच धरी. तक्रारीची सोय नव्हती. कारखाना सहकारी, सभासद आम्हीच. धुवायला पाणी नव्हते.

भाऊ आणि वहिनी तांबडे फुटताच येत. जुन्या साडीची दोन टोके दोघे धरीत आणि दवाने ओल्या प्लेटांवरून ती ओढीत नेत. काजळी सुटून येई. पाण्याचा थेंब लागत नसे.

मी एकटा. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. काठीला फडके बांधून पुसत असे. कडा उजळत, मधला भाग हाती लागेपर्यंत दव वाळलेले असे. भाऊ बांधावरून म्हणे, “लई घासू नको बे, काच झिजंल.” मी घासत राही. त्याचा पंप आधी सुरू झालेला रोज ऐकू येई. माझ्या मोसंबीची पाने वळू लागली होती. त्याची ताठ होती.

मग भावाला मुलीकडे तलवाड्याला जावे लागले. त्या पहाटे वहिनी साडी घेऊन एकट्याच आल्या.

“भावजी, एक टोक धरा. आधी आमचं, मंग तुमचं.”

“आधी तुमचं कावून?”

“साडी माझी हाय.”

मी टोक धरले. त्यांनी ओढले की मी सैल सोडायचे, मी ओढले की त्यांनी. ऊन वर आले आणि दोन्ही पंप बरोबरच सुरू झाले. माझ्या बागेला अर्धे पाणी मिळाले. भाऊ परतेपर्यंत ते रोज मिळत राहिले आणि पाने सरळ झाली.

तो परतल्यावर पहिल्या पहाटे मी काठी घेऊन बांधावर उभा होतो. साडीचे माझे टोक त्याच्या हातात होते. त्याचा पंप सुरू झाला. पाणी कोणाच्या आळ्यात गेले, ते त्या दिवशी मी पाहिले नाही.