पावसाची रेघ

दुपारचे तीन. करवतीचं यंत्र तापलंय म्हणून ते बंद करून टेबलावर डोकं टेकते. प्रयोगशाळेत झोपायचं नाही, ही पाटी भिंतीवर मीच लावलीय. मुठीत भागूमावशीने पाठवलेला शेवटचा शिंपला आहे. तो कापायचं मी अकरा महिने ठरवतेय.

माझं कामच ते. शिंपले चिरते आणि आतल्या रेघा वाचते. भरतीगणिक शिंपला थोडा थोडा वाढतो. उन्हाळ्यात रेघा सुटसुटीत पडतात, पावसाचं गोडं पाणी खाडीत शिरलं की दाटीने. आजच्या पावसाची रेघ ओळखता आली, की मातीत पुरलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शिंपल्यातला पाऊसही वाचता येतो. मात्र शिंपला कुठल्या दिवशी काढला ते पक्कं ठाऊक हवं. गावच्या खाडीतून शिंपले काढून पाठवणाऱ्या मावशीला लिहिता येत नव्हतं. दोन्ही बाजूंची जोडी सुटू नये म्हणून ती शिंपल्याला केळीचा दोर बांधायची आणि अमावास्येनंतर जितके दिवस उलटले असतील तितक्या गाठी त्या दोराला मारायची.

या शिंपल्याच्या गाठी मी मोजलेल्या नाहीत. आषाढातल्या पंचमीला मी फोन केला होता, "मावशे, पावसातलो एक तरी धाड." अष्टमीला तिला ताप भरला आणि आठवड्याभरात ती गेली. गाठी पाच किंवा कमी असतील, तर तिने तो आधीच काढून ठेवला होता. जास्त असतील, तर ती माझ्यासाठी पाण्यात उतरली. माझी हिंमत होत नाही, एवढंच.

पायाला फरशी गार लागते. फरशी मऊ आहे. चिखल आहे. कपाटांच्या मधून खाडीचं पाणी येतंय, आणि लुगडं वर खोचून भागूमावशी पायांनी शिंपले चाचपतेय.

"मावशे, तू हय खय?"

"कामाक. तुझा काय चललाहा?"

"तुझो शिंपलो कापूचो आसा."

"मगे काप. त्येका आता काय दुखाचा नाय."

पाणी कमरेला लागतं. आम्ही तिच्या पडवीत बसलोय, पाणी तिथेही आहे. ती पेजेची वाटी पुढे करते. मेलेल्या माणसाच्या हातचं स्वप्नात खाऊ नये म्हणतात. मी खाते. पेज गरम आहे, मीठ जरा जास्त, नेहमीसारखं.

"मावशे, खरा सांग. तू माझ्यासाठी गेल्लंस?"

"सगळा शिंपल्याक इचारतंस ना? मगे माका कित्याक इचारतंस?"

"माका भय वाटता."

ती हसत नाही. पाणी आता तिच्या छातीला लागलंय. ओल्या हाताने ती माझी मूठ उघडते.

"पावसाची रेघ व्हयी म्हणालंस. ती कोरड्यान कशी येतली, बायो? दोन बाजू आसत. एक काप, एक ठेव."

पावणेचार. गाल टेबलाला चिकटलाय. काडीसारखा वाळलेला दोर मुठीतल्या घामाने मऊ पडलाय, शिंपल्यावरून सुटून माझ्या तर्जनीभोवती घट्ट बसलाय. नजर चुकवायला आता जागाच नाही. मी मोजते.

सात.

सप्तमीला भांगाचं पाणी, खाडी धड ओसरत नाही. त्या दिवशी शिंपल्यांना कुणीच जात नाही, हे मला मावशीनेच लहानपणी शिकवलं होतं. ती गेली. भर पावसात, छातीभर पाण्यात, मी मागितलं म्हणून. मी तोंडावर हात दाबून रडते.

मग नोंदवहीत लिहिते, आषाढ शुद्ध सप्तमी. शिंपल्याची एक बाजू दोरासकट डबीत ठेवते, दुसरी करवतीखाली धरते. यंत्र चालू करायला बोट पुढे करते, तेव्हा त्यावर गाठींचे सात वळ अजून तसेच आहेत.