वाकळेचं वजन

बाळंतपणात काही बिघडलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण मी साताऱ्यात तीन दिवस घेतलं. त्या तीन दिवसांची आठवण आली की अजून माझं तोंड वाकडं होतं.

मी मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. प्रत्येक दवाखान्यातून दोघी पाठवा, असा हुकूम आला होता. दुसरी नर्स रजेवर, म्हणून डॉक्टरांनी खुर्ची भरायला आमच्या मावशीला धाडलं. मावशी म्हणजे बाळंतिणीला उचलणं, पुसणं, फरशी धुणं, सगळं करणारी बाई. ठेवणीतलं पातळ नेसून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पहिली सकाळ शाल, श्रीफळ आणि एकमेकांची स्तुती यात गेली. शिकवायला आलेल्या सरांनी शेवटची बाळंतीण कधी पाहिली होती देव जाणे, पण उंटावरून शेळ्या हाकायला बाळंतीण लागते कशाला? सरावासाठी रबरी बाई आणली होती, पोटापासून मांड्यांपर्यंतची. ती प्लास्टिकच्या वेष्टनातच. “काढू नका, पुढच्या आठवड्यात सांगलीला पाठवायची आहे,” सर म्हणाले. रक्त थांबवायला पोट कसं चोळायचं, ते आम्ही त्या वेष्टनावरूनच शिकलो. पुढच्या आठवड्यात सांगलीच्या बायकांनीही तेच प्लास्टिक चोळलं असणार.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा आला. बाळंतपणानंतर पाचशे मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं की धोका. मावशी उभी राहिली.

“आवं सायेब, परातीत पडल्यालं मोजाय येतंय. वाकळंनं पिल्यालं रगात कसं मोजायचं?”

सर हसले. “बाई, दवाखान्यात वाकळ येतेच कशी? नियमात वाकळ नाही.”

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि सगळ्यांत जास्त वेळ हसले. ती माझ्या दवाखान्यातून आलेली, आणि मी तिच्यातली नाही हे मला दाखवायचं होतं.

नियमात नसलेली वाकळ जानेवारीत आमच्याकडे आली. विशीतली पोरगी, पहिलंच बाळंतपण, नवरा मिलिटरीत. सकाळी मुलगी झाली, वारही नीट पडली. थंडीत आमच्या खाटेचं रेक्झिन गारठलेलं असतं आणि वर सरकारी चादर पापडासारखी पातळ. सासूने घरची, जुन्या लुगड्यांची जाड वाकळ दुहेरी करून सुनेखाली घातली. मी वरवर पाहिलं, डाग तळहाताएवढा. कागदावर ‘रक्तस्राव सामान्य’ असं लिहून मोकळी झाले. पोरगी म्हणाली, “सिस्टर, डोळ्यापुढं अंधारी येतीया.” मी म्हणाले, “दमलीयस, चहा पी.”

मावशी झाडायला आली. तिने केरसुणी टेकवली आणि वाकळेचं एक टोक धरून उचलून पाहिलं.

“सिस्टर, वाकळ जड झालीया. लय जड.”

मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी दगडासारखी घट्ट व्हायला हवी, ती हाताला लागेचना. मग सलाईन, इंजेक्शन, ॲम्ब्युलन्स. घाट उतरताना मी आणि मावशी आळीपाळीने पोट चोळत होतो. पोरीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती एकच विचारत होती, “बाळाला कुणी घेतलंय?” साताऱ्यात तिला रक्त चढवलं. वाचली.

दीड महिन्याने सरांचा फोन आला. प्रशिक्षणाची यशोगाथा हवी होती, फोटोसकट; ती जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना जाणार होती. फॉर्मवर प्रश्न होता : प्रशिक्षणातील कोणते कौशल्य उपयोगी पडले? मी लिहिलं, पिशवीचा मसाज. ते खोटं नव्हतं. बाळाला लसीचा डोस द्यायला आलेली आई, लेक आणि हातात प्रमाणपत्र धरलेली मी, असा फोटो निघाला. सासू मला म्हणाली, “तुमी शिकून आला म्हणून माझी सून राहिली.” मी मान डोलावली. फोटोत येतेय म्हणून मावशीला बादली बाजूला घ्यायला सांगितलं. तिने घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी पुसता पुसता तिने विचारलं, “लिवलं का वाकळंचं?”

“तसा रकाना नव्हता, मावशी.” तिने फडकं बादलीत पिळलं. मला वाटलं, बाईला राग आला. म्हणाले, “पुढच्या वेळी तुमचं नाव घालते.”

“माझ्या नावाला काय जाळायचंय?” ती म्हणाली. “ते वाचून तिकडं म्हसवडाकडच्या सिस्टरला कसं कळायचं, वाकळ उचलून बघाय लागती म्हणून?”

फॉर्म सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेला होता. खाली सही माझी होती.