अण्णाने नाकारलेलं विमान

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर हुमनाबादजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात जे झालं, ते काही केल्या हसण्यावारी नेता येत नाही... म्हणून इथे लिहितोय.

आम्ही मूळचे कमलनगरचे. मी कलबुर्गीला बँकेत असतो. माझा थोरला भाऊ, अण्णा, विमानांचा इंजिनिअर होता. एक नवी विमान कंपनी सुरू होत होती, तिच्या पहिल्याच विमानाच्या चाचण्या त्याच्याकडे होत्या. पंख्यांचं छोटं विमान. त्याचं मागचं दार खालच्या बाजूला उघडायचं, दाराच्या आतच पायऱ्या. त्या दाराची कडी नीट बसत नाही म्हणून अण्णाने सही द्यायला नकार दिला. कंपनीने दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली, थाटात उद्घाटन केलं आणि 'कामात अडथळे आणतो' म्हणून अण्णाला काढून टाकलं. पुढे कुणी त्याला दारात उभं केलं नाही. गावी येऊन मोटार-पंप दुरुस्त करत राहिला आणि कोरोनात गेला.

कंपनी त्याआधीच बुडाली होती. पण तिच्या पहिल्या विमानाचे गोडवे इंटरनेटवर अजून आहेत — कधीच तक्रार न आलेलं विमान म्हणे!

ते वाचून माझं डोकं फिरलं. मी त्या विमानाचा माग काढायला लागलो. मालक बदलला की विमानाचा रंग, नाव, नोंदणी सगळं बदलतं. कारखान्याने दिलेला नंबर तेवढा जन्मभर तोच. त्यावरून कळलं, परदेशात फिरून ते भंगारात आलं होतं, आणि त्याचा सांगाडा आमच्याच जिल्ह्यात एका हॉटेलवाल्याने खांबांवर चढवला होता.

वहिनी म्हणाली, "मला बी न्या भाऊजी. कशापायी आमचं वाटोळं झालं, बघू तरी."

भर दुपारी पोचलो. हॉटेलचं काम अजून चालूच होतं. मालकाने पुढच्या जिन्याने आम्हाला वर सोडलं आणि तो खाली गेला. आत नुसता पत्रा. सीट नाही, वायर नाही, स्पीकर नाही... वीज जोडलेलीच नव्हती. वहिनी सरळ मागे गेली आणि त्याच दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"सुमे! सरक तिथून! टेकायलीस कामून?"

अण्णाचा आवाज. छतातून आल्यासारखा, जरा खरखरीत. वहिनी दचकून पुढे आली आणि तिच्या मागे दार धाडकन खाली गेलं. खाली सळयांचा ढीग होता.

मालक पळतच वर आला. "वेल्डिंग केलतं की साहेब ह्या दाराला!"

"आवाज ऐकलात तुम्ही?" मी विचारलं.

"दाराचा ऐकलो की. अजून कुठला?"

वेल्डिंग कच्चं असेल, मान्य. पण तो आवाज? दोघांना एकच भास, त्याच शब्दांत? वहिनीला 'सुमे' म्हणणारं घरात दुसरं कुणीच नाही. कितीतरी जणांना विचारलं, पटेल असं उत्तर एकाकडूनही मिळालं नाही.

मला वाटलं वहिनी रडेल, निदान वाचले म्हणेल. गावाकडे परतताना गाडीने भालकी गाठली. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"मेल्यावर बी त्याच विमानावर ड्युटी करायलेत. घरला एकदा बी न्हाई आले, भाऊजी."